बाँडवरची फारकत, मुलाचा ताबा आणि पोटगी : माहिती हवी आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मामेबहिणीसाठी विचारतोय. ती सातारा जिल्ह्यातल्या एका गावात माहेरी राहते, साडेचार वर्षांचा मुलगा तिच्याकडेच आहे. नवरा पुण्याजवळ एमआयडीसीत नोकरीला, शिवाय गावी वडिलोपार्जित उसाची शेती. दीड वर्षापासून दोघं वेगळे राहतात.

परवा सासरकडची चार माणसं येऊन बसली. येताना पाचशेच्या बाँडवर फारकत टाइप करूनच आणली होती. मजकूर असा : आम्ही दोघे राजीखुशीने विभक्त राहत आहोत, मुलगा आईकडे राहील, आई स्वतःसाठी किंवा मुलासाठी पोटगी मागणार नाही, सर्व दागिने परत मिळाले, यापुढे दोघांपैकी कोणीही दुसरे लग्न केल्यास हरकत नाही. खाली दोन साक्षीदारांची जागा आणि नोटरीचा शिक्का मारायला रिकामी चौकट. दागिने मिळालेले नाहीत.

मामा म्हणतात, सही करून मोकळं व्हावं, कोर्टात चपला कोण झिजवणार. ताईला सही करायची नाही, पण तिला भीती घातलीय की सही नाही केली तर मुलगा पाच वर्षांचा झाला की कायद्यानेच बापाकडे जाईल. हे खरं आहे का? बाँडवर घटस्फोट होतो का? पोटगी किती मिळते, कधीपासून? आणि वकिलाला द्यायला तिच्याकडे पैसे नाहीत, त्याचं काय करायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

काळा कोट

सही करू देऊ नका. मामांना आजच फोन करा, बाकीचं सावकाश वाचा.

तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. असे कागद घेऊन बायका माझ्याकडे येतात, तेव्हा सही होऊन गेलेली असते. हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्याखालचं लग्न मोडायचं तर न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. नोटरी फक्त सही कोणी केली एवढंच बघतो, लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही. बाँड शंभरचा असो की पाचशेचा, वर पंचांच्या सह्या असोत, त्याने फरक पडत नाही. काही समाजांत रूढीने काडीमोड होते आणि त्याच कायद्याच्या कलम २९(२)ने ती रूढी राखलेली आहे, हे खरं. पण रूढी आहे म्हणणाऱ्याला ती कोर्टात सिद्ध करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या २००२च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. ‘आमच्यात असंच चालतं’ एवढ्याने भागत नाही.

आता त्या मजकुराकडे बघा. लिहिणारा एकतर अडाणी आहे किंवा फार हुशार. ‘राजीखुशीने विभक्त राहत आहोत’ हे वाक्य निरुपद्रवी वाटतं. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (जुनं फौजदारी संहितेचं कलम १२५) सांगतं की नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला त्या कलमाखाली पोटगी नाही. म्हणजे या कागदाने घटस्फोट तर होणार नाही, ती कायद्याने बायकोच राहील, आणि बायको म्हणून पोटगी मागायला गेली की समोरचा वकील हाच कागद दाखवणार. दागिन्यांचं वाक्यही तसंच. न मिळालेलं स्त्रीधन मिळालं अशी कबुली तिच्याच सहीने तयार होते, ती नंतर खोडून काढताना नाकी नऊ येतात.

आणि लग्नाची मोकळीक? पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, शिवाय गुन्हा होतो. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९४ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ८२.

अबोली

काळा कोट यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. आमच्या नात्यात एक मावशी आहेत. पहिल्या नवऱ्याशी अशीच बाँडवर फारकत झाली, मग दुसरं लग्न, चांगला संसार. दुसरे यजमान एका सरकारी खात्यात होते. ते वारल्यावर फॅमिली पेन्शनच्या कागदपत्रांत त्यांना पहिल्या घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम मागितला. तो नव्हताच. त्या खिडकीसमोर मी त्यांच्याबरोबर उभी होते. पिशवीत मळकट झालेला, घडीवर फाटलेला तो बाँड होता, त्यांनी तो जपून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला होता. कारकुनाने वाचला आणि काही न बोलता परत सरकवला. माणूस वाईट नव्हता, त्याला तरी काय करता येणार होतं? मुलांना मात्र हक्क मिळाले, कारण अशा लग्नातून झालेली मुलं हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६प्रमाणे औरस धरली जातात.

मामांना हे नक्की सांगा. मोकळं व्हायला म्हणून सही करतात आणि पुढची वीस वर्षं अडकून पडतात.

कृष्णाकाठ

दोघांचे आभार. मामांशी बोललो, सही थांबवली आहे. पण मुलाची भीती अजून जात नाही. पाच वर्षांचं काय आहे नेमकं?

काळा कोट

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६, कलम ६. त्यात लिहिलंय की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. लोकांनी यातून उलटा अर्थ काढला की पाच पूर्ण झाली की मूल बापाचं. असं कुठेही लिहिलेलं नाही. पाचव्या वाढदिवशी काहीही आपोआप होत नाही. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की मुलाचं हित सर्वांत वर, आई आणि बाप दोघांच्याही हक्कांच्या वर.

‘बाप हाच नैसर्गिक पालक’ हेही ऐकवतील. कलमात बापाचं नाव आधी आणि ‘त्याच्यानंतर’ आईचं आहे, पण १९९९ साली गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’चा अर्थ बाप वारल्यावर एवढाच न घेता बाप लक्ष घालत नसेल तेव्हाही, असा लावला.

प्रत्यक्षात न्यायाधीश काय बघतात? मूल आत्ता कुठे स्थिरावलंय, शाळेत कोण सोडतं, आजारपणात कोण होतं, घरी आजी-आजोबा आहेत का. मूल जरा समजतं असलं तर चेंबरमध्ये बोलावून एकट्याशी बोलतात. आईचा पगार कमी म्हणून ताबा जात नाही, पैशाची तूट पोटगीने भरून काढता येते. दावाही मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात चालतो, तेव्हा त्यांना ताब्यासाठी साताऱ्यालाच यावं लागेल.

ताईला आजपासून एक काम सांगा. लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीचा दाखला, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, शाळाप्रवेशाची पावती, सगळं एका फाइलला लावायचं. मूल कोण सांभाळतं हे या कागदांतून आपसूक दिसतं.

पाऊलवाट

मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे बाप. मुलगी आईकडे असते आणि तिने तिथेच राहावं हे मलाही मान्य आहे. एकच विनंती करायची आहे : भांडण कितीही विकोपाला गेलं तरी मुलाची बापाशी भेट बंद करू नका.

आमची सुरुवातीची भेट कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत व्हायची. भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधे एक घसरगुंडी, चाक तुटलेली एक तीनचाकी. मुलगी पहिली दहा मिनिटं आईच्या पर्सचा बंद धरून उभी राहायची. मग हळूच येऊन माझ्या खिशात काय आहे ते बघायची. वेळ संपली की बाहेर दुसऱ्या घरची मंडळी थांबलेली असायची. नंतर समुपदेशक बाईंनी दोघांना समोर बसवून महिन्यातले दोन शनिवार-रविवार, अर्धी दिवाळी, अर्धी मे महिन्याची सुट्टी असं ठरवून दिलं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. आता ती माझ्याकडे येते तेव्हा अभ्यासाची वही घेऊन येते.

ज्याच्याकडे मूल नाही त्याला भेटीचा आणि फोनवर बोलायचा हक्क असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू प्रकरणात २०२० साली म्हटलं आहे. तो हक्क मुलाचाही आहे.

सांजवात

पाऊलवाट, तुमचं मनापासून पटलं. पण बाप पोटगीचा एक रुपया देत नसेल आणि रविवारी मात्र मुलाला फिरायला न्यायला येत असेल, तर आईने काय करायचं? भेट थांबवली तर चालतं का?

काळा कोट

नाही चालत. पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही, आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी अडवता येत नाही. दोन्हीचे उपाय वेगवेगळे आहेत. आमच्या कोर्टात सगळ्यात जास्त नुकसान याच अदलाबदलीने होतं, आणि ते सोसतं मूल. कृष्णाकाठ यांच्या बाँडमध्येही तेच केलंय बघा : मुलगा तू ठेव, पैसे मागू नको. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. आईने सहीने सोडला तरी तो सुटत नाही, मुलाच्या वतीने पुन्हा मागता येतो.

सांजवात, पोटगी देत नसेल तर वसुलीचा अर्ज करा. भेट चालू ठेवा. भेट देणारी आई कोर्टाच्या नजरेत कायम भक्कम असते.

रानपाखरू

इतकं कशाला? सरळ ४९८अ (सासरच्या छळाचं फौजदारी कलम) टाका, सगळे वठणीवर येतील. दागिनेही येतील आणि पोटगीही.

काळा कोट

रानपाखरू, याला माझा ठाम विरोध आहे. छळ झाला असेल तर तक्रार जरूर करावी, कोणीही तिला अडवू नये. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६मध्ये आहे. पण वसुलीचं हत्यार म्हणून खोटी तक्रार केली तर पुढच्या प्रत्येक दाव्यात तिच्या शब्दाची किंमत कमी होते, आणि ज्या बायकांनी खरंच मार खाल्लाय त्यांच्या तक्रारींकडेही संशयाने बघितलं जातं.

फौजदारी खटल्याशिवायही मार्ग आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटपुढे एकाच अर्जात संरक्षण, राहायची जागा, खर्चाची रक्कम, स्त्रीधन आणि मुलाचा तात्पुरता ताबा, सगळं मागता येतं. संरक्षण अधिकारी अर्ज भरायला मदत करतात. हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही, पैसे तोडणं आणि दागिने अडकवून ठेवणं हीसुद्धा त्या कायद्यात आर्थिक हिंसा आहे.

कृष्णाकाठ

मारहाण नव्हती, पैसे तोडले होते आणि दागिने अडकवले आहेत. पोटगीचं सांगाल का? कुणी म्हणतं पगाराच्या पंचवीस टक्के, कुणी म्हणतं एक तृतीयांश.

काळा कोट

ठरलेला आकडा कायद्यात नाही. पंचवीस टक्के हे २०१७च्या कल्याण डे चौधरी निकालातून आलं. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के रक्कम योग्य वाटली. तो अंदाज म्हणून धरतात, नियम म्हणून नाही. दोघांचं उत्पन्न, राहणीमान, मुलाचा खर्च, नवऱ्यावर अवलंबून असलेले आईवडील, सगळं धरून आकडा ठरतो. बायको कमावती असली म्हणून पोटगी आपोआप नाकारली जात नाही. आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५खाली, उत्पन्न नसेल तर, नवराही मागू शकतो.

वाचावा असा निकाल म्हणजे रजनेश विरुद्ध नेहा, ४ नोव्हेंबर २०२०. मूळ प्रकरण आपल्या नागपूरच्या फॅमिली कोर्टातलं. त्यानंतर दोन मोठे बदल झाले. दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात द्यावं लागतं. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. निकाल दोन वर्षांनी लागला तरी हिशेब अर्ज दाखल केला त्या दिवसापासून. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की ‘बघू, बोलणी चालू आहेत’ म्हणत थांबू नका. अर्ज टाकून बोलणी करा. थांबलेला प्रत्येक महिना वाया जातो.

प्रतिज्ञापत्रात नवरा पगार दाखवेल आणि शेती विसरेल. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतात, गट नंबर माहीत असला की झालं. उसाचं बिल कारखाना बँकेत जमा करतो, ते खातं अर्जात नमूद करा आणि उतारा हजर करण्याचा हुकूम मागा.

अबोली

पोटगी मुलाला अठरापर्यंतच का? माझ्या भाचीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आहे.

काळा कोट

कलम १४४खाली साधारण सज्ञान होईपर्यंत. पण १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २०खाली, स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला अठरानंतरही वडिलांकडे मागता येते. त्यासाठी वेगळा दिवाणी अर्ज करावा लागतो. भाचीला जरूर सांगा.

मिरजकर

आमच्यात हे लागू आहे का? आम्ही मुस्लिम. बहिणीला तलाक झालाय, इद्दत (तलाकनंतरची थांबायची मुदत) संपली, मेहर (लग्नात ठरलेली रक्कम) मिळाली. मोहल्ल्यात सांगतात की आता काहीच मागता येत नाही.

काळा कोट

मागता येतं. १० जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद अब्दुल समद प्रकरणात सांगितलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५खाली, म्हणजे आताच्या १४४खाली, पोटगी मागता येते. घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठीच्या १९८६च्या कायद्याचा मार्ग शिवाय आहेच. तलाक कसा दिला तेही तपासा. एका दमात तीनदा म्हटला असेल तर २०१९च्या कायद्याने तो तलाकच नाही. मुलांच्या पोटगीला तर धर्माचा प्रश्नच येत नाही.

मांडवी

गोव्यातल्या वाचकांसाठी एवढंच : आमच्याकडे हिंदू विवाह कायदा नाही, पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, आणि घटस्फोटात निम्मी-निम्मी. महाराष्ट्रात बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत असा आपोआप अर्धा वाटा नाही, त्यामुळे लग्न कुठे आणि कोणत्या कायद्याखाली नोंदलंय ते आधी बघा.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. नवऱ्याने इथल्या कोर्टात एकतर्फी घटस्फोट घेतला आणि बायको पुण्यात असेल तर तो भारतात चालतो का?

काळा कोट

सहसा नाही. नरसिंह राव विरुद्ध वेंकटलक्ष्मी, १९९१. लग्न हिंदू कायद्याखाली झालं असेल तर कारणही त्या कायद्यात बसणारं हवं, आणि बायको तिथल्या कोर्टात नुसती समन्स मिळून नाही, खरोखर हजर होऊन लढलेली हवी किंवा तिने संमती दिलेली हवी. मुलाला एका देशातून दुसऱ्या देशात घेऊन जाण्याच्या प्रकरणांत मात्र घाई करू नका. भारत त्यासंबंधीच्या १९८०च्या हेग करारात नाही, आणि तिकडचं कोर्ट आईविरुद्धही आदेश काढू शकतं. आधी दोन्हीकडच्या वकिलांशी बोला.

कृष्णाकाठ

थोडी प्रगती कळवतो. बाँड परत पाठवला. नवऱ्याच्या चुलत्यांचा निरोप आलाय की कोर्टातून संमतीने घ्यायला तयार आहेत. ताईचीही तशी तयारी आहे, पण पुन्हा फसवणूक नको. वकिलाचंही सांगा.

काळा कोट

वकिलाचं सोपं आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२खाली कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, आधार कार्ड घेऊन जायचं. फोन करायचा तर १५१००. पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यात महाराष्ट्रात महिलांना कोर्ट फीही माफ आहे.

संमतीचा घटस्फोट म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब. किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावेत, ते तुमच्याकडे आहे. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून दुसऱ्यांदा हजर व्हायचं. समेटाची शक्यता संपली असेल आणि पोटगी-ताब्याचं सगळं मिटलं असेल तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असा अमरदीप सिंग प्रकरणाचा २०१७चा निकाल आहे. हुकूम होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून पैशाचे टप्पे तसे पाडा. दागिने आणि पहिला हप्ता पहिल्या अर्जाच्या दिवशी, कोर्टासमोर, यादी करून. शेवटचा हप्ता डिमांड ड्राफ्टने दुसऱ्या हजेरीला.

अटींमध्ये मुलाचं सविस्तर लिहा. दरमहा किती, दरवर्षी किती वाढ, शाळेची फी आणि दवाखाना कोण भरणार, भेटीचे दिवस, दिवाळीची सुट्टी, आजी-आजोबांकडे जाणं. पासपोर्टचाही उल्लेख करा. नाहीतर मुलाचा पासपोर्ट काढताना दुसऱ्या पालकाच्या सहीसाठी अडतं आणि एकट्या पालकाला वेगळं घोषणापत्र द्यावं लागतं.

अट काय घालू नये तेही सांगतो. ‘मुलासाठी एकदाच ठोक रक्कम, यापुढे काही मागणार नाही’ असं मान्य करू नका. साडेचार वर्षांच्या मुलाला पंधराव्या वर्षी काय लागेल ते आज कोणालाच ठाऊक नाही.

पाऊलवाट

आणि बापाची बाजू सांगतो म्हणून रागावू नका, पण भेटीच्या दिवसांसोबत वेळ आणि जागाही लिहा. ‘सोयीनुसार’ एवढंच लिहिलं की दर रविवारी नवा वाद. आमच्यात सकाळी दहा, अमुक बस स्टँडजवळ, असं लिहिल्यावर भांडणं थांबली.

कृष्णाकाठ

फार उपयोग झाला. विधी सेवा समितीने वकील मॅडम दिल्या. त्यांनीही हेच सांगितलं की संमतीची बोलणी चालू राहू देत, पण १४४चा अर्ज आधी दाखल करू. परवा दाखल झाला. ताई मुलाला घेऊनच गेली होती. शेवटचा प्रश्न : आदेश झाला आणि तरी दिले नाहीत तर?

काळा कोट

छान झालं. आदेशानंतर पैसे थकले की त्याच कोर्टात वसुलीचा अर्ज. कोर्ट वॉरंट काढतं, पगारातून कापायला कंपनीला कळवता येतं, तरी नाही दिले तर एक महिन्यापर्यंत कैद. कैद भोगली म्हणून थकबाकी माफ होत नाही, ती उभीच राहते.

एक मुदत मात्र काटेकोर पाळा. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत या वसुलीचा अर्ज टाकावा लागतो. तीन वर्षं गप्प बसून एकदम मागायला गेलं तर या मार्गाने जुनी थकबाकी अडकते. म्हणून दर काही महिन्यांनी अर्ज करत राहा, प्रत्येक वेळी नवीन थकबाकी जोडून.

आणि वकील मॅडमना सांगून आदेशातच ताईच्या बँक खात्याचा नंबर घालून घ्या. पैसे फक्त त्या खात्यावर. चुलते रोख घेऊन आले तरी घेऊ नका. हातात दिलेल्या पैशांचा हिशेब दोन्हीकडून वेगळा सांगितला जातो.

कृष्णाकाठ

तिचं खातं मामांबरोबर जॉइंट आहे. तेच चालेल की वेगळं काढू?

काळा कोट

वेगळं काढा, फक्त तिच्या नावाचं. शून्य शिलकीचं जनधन खातंही चालतं. पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स पुढच्या तारखेआधी मॅडमकडे द्या.